टीमसाठी स्वतःच्या सर्व्हरवर पासवर्ड मॅनेजर: कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांचे अनुभव हवेत

आडवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमची पंधरा-सोळा जणांची टीम आहे. सर्व्हर, डोमेन, ईमेल खाती, पुरवठादारांची पोर्टलं असे शे-दीडशे पासवर्ड एका सामायिक स्प्रेडशीटमध्ये पडून आहेत. नवा माणूस रुजू झाला की त्याला शीटची लिंक मिळते, म्हणजे पहिल्याच दिवशी सगळ्या किल्ल्या त्याच्या हातात. कुणी कधी काय पाहिलं, याचा पत्ता नाही. हे आता थांबवायचं ठरलंय.

एक छोटा लिनक्स सर्व्हर हाताशी आहे, २ जीबी रॅमचा. डॉकर कंपोज (प्रोग्रॅम 'कंटेनर' नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) वापरून त्यावर व्हॉल्टवॉर्डन किंवा पासबोल्ट हा पासवर्ड मॅनेजर बसवावा असा विचार आहे. कंटेनर उभा कसा करायचा याचे व्हिडिओ ढीगभर सापडतात, ते नकोत. ज्यांनी वर्ष-दोन वर्षं हे चालवलंय त्यांनी सांगावं: काय निवडलं, कुठे अडलात, आणि ही जबाबदारी अंगावर घेण्यासारखी आहे का?

---

पाचवा_गिअर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. घेऊ नका. पासवर्ड सांभाळणं हाच ज्यांचा धंदा आहे त्यांना पैसे द्या आणि मोकळे व्हा. तो सर्व्हर रात्री बंद पडला तर उठून कोण बघणार? त्या एका माणसाच्या रजेचं काय?

---

रानजाई

@पाचवा_गिअर, पैसे देऊन मोकळं होता येतं असं मलाही वाटायचं. २०२२ मध्ये लास्टपास या क्लाउडवरच्या पासवर्ड मॅनेजरचं काय झालं आठवा. क्लाउड साठवणुकीतून ग्राहकांच्या तिजोऱ्यांचे (पासवर्डच्या साठ्यांचे) बॅकअप चोरीला गेले. पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले होते, पण वेबसाइटचे पत्ते उघडेच होते. म्हणजे कुणाचं खातं कुठे आहे ते चोराला बसल्या जागी कळलं. शिवाय काही जुन्या खात्यांवर मास्टर पासवर्डपासून (तिजोरी उघडणाऱ्या मुख्य पासवर्डपासून) किल्ली तयार करण्याच्या फेऱ्या ५,००० वरच राहिल्या होत्या. फेऱ्या कमी, तेवढं पासवर्ड ओळखून काढणं सोपं. ओवास्प या सुरक्षाविषयक संस्थेची आजची शिफारस पीबीकेडीएफ२-शा२५६ या पद्धतीसाठी ६,००,००० ची आहे. फरक केवढा आहे बघा.

यातून धागाकर्त्यांनी घ्यायचं ते असं, की तुमच्या सर्व्हरचा बॅकअप उद्या कुणाच्या हाती लागला तर तुम्हीही त्याच जागी असाल. तेव्हा वाचवणार कोण? प्रत्येकाचा मास्टर पासवर्ड आणि ती फेऱ्यांची संख्या. म्हणून जुन्या खात्यांची केडीएफ सेटिंग (किल्ली कशी तयार होते ती) तपासा. जमलं तर आर्गॉन२आयडी ही पद्धत निवडा, त्यात प्रत्येक प्रयत्नाला मेमरीही खर्चावी लागते. आणि मास्टर पासवर्ड म्हणजे चार-पाच असंबद्ध शब्दांचं वाक्य असू द्या, तेही फाशांनी किंवा यंत्राने निवडलेले. माणूस स्वतः 'यादृच्छिक' शब्द निवडतो तेव्हा ते यादृच्छिक नसतात.

---

खटपट्या

निवडीबद्दल लिहितो, तिन्ही चालवून पाहिलीत.

बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरचा अधिकृत पारंपरिक सेटअप म्हणजे कंटेनरांची फौज, सोबत मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस. २ जीबी रॅम ही त्याची किमान अट आहे, म्हणजे तुमच्या सर्व्हरवर तो जेमतेम श्वास घेईल.

व्हॉल्टवॉर्डन हे रस्ट भाषेत लिहिलेलं, बिटवॉर्डनच्याच ॲपांशी आणि एक्स्टेन्शनशी बोलणारं वेगळं सर्व्हर सॉफ्टवेअर. २०२१ पर्यंत त्याचं नाव बिटवॉर्डन_आरएस होतं. एकच कंटेनर, एसक्यूलाइट डेटाबेसची एक फाइल, आणि मेमरी इतकी कमी खातं की सर्व्हरला जाणवतही नाही. मात्र हा अधिकृत बिटवॉर्डन नव्हे, हे टीमला आणि वरिष्ठांना आधीच स्पष्ट सांगा. ऑडिटवाले विचारतात.

पासबोल्टची रचनाच निराळी आहे. तिथे प्रत्येक सभासदाची स्वतःची ओपनपीजीपी (एन्क्रिप्शनची एक पद्धत) किल्ली असते आणि सामायिक पासवर्ड ज्यांना दिला त्या प्रत्येकासाठी वेगळा एन्क्रिप्ट होतो. कुणाला काय दिसतं याचा हिशेब त्यात फार स्वच्छ राहतो. पण नव्या ब्राउझरवर जाताना खाजगी किल्लीची रिकव्हरी फाइल लागते, आणि ती लोक हमखास हरवतात. पासबोल्ट बसवणार असाल तर ईमेल पाठवण्याची सोय पहिल्या दिवसापासून चालू हवी, आमंत्रणं त्यावरच जातात. सर्व्हरचं घड्याळही बरोबर ठेवा. वेळ सरकली की त्या किल्लीची (जीपीजीची) पडताळणी फसते आणि लॉगिन का होत नाही ते लवकर उमगत नाही.

टीममध्ये तांत्रिक नसलेले लोक असतील तर माझं मत व्हॉल्टवॉर्डनला.

---

पिंपळपान

वाचतेय. वाचनखूण साठवली.

---

गणगोत

हा सगळा डोलारा कशाला? कीपासएक्ससी या पासवर्ड मॅनेजरची एक केडीबीएक्स (एन्क्रिप्ट केलेली) फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, सगळ्यांना एकच मास्टर पासवर्ड द्या. सर्व्हर नको, कंटेनर नको. आमच्याकडे अनेक वर्षं सुखाने चाललंय.

---

रानजाई

@गणगोत, तुमच्याकडे माणसं किती? दोघा-तिघांत हे उत्तम चालतं, मी स्वतः घरी तेच वापरते. पण पंधरा जणांत एकाने सोडलं की मास्टर पासवर्ड बदला, आणि त्याने आधी करून ठेवलेली प्रत जुन्याच पासवर्डने उघडते ती उघडतेच. शिवाय लेखाविभागाला सर्व्हरचा रूट पासवर्ड दिसायचं काय कारण? एका फाइलीत 'याला हे, त्याला ते' करता येत नाही. वेगळ्या फाइली केल्या की त्यांचे वेगळे मास्टर पासवर्ड, आणि ते लिहून ठेवायला पुन्हा स्प्रेडशीट!

---

गणगोत

आम्ही चौघं आहोत. मुद्दा मान्य.

---

उंबरठा

मोबाइलवरून टंकतोय, चूकभूल द्यावी घ्यावी.

दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. पहिलं एचटीटीपीएस. कंटेनर सुरू होतो, आयपी पत्ता टाकला की लॉगिनचं पान दिसतं, पण खातं तयार होत नाही. कारण एन्क्रिप्शनचं काम ब्राउझरमध्ये होतं आणि त्यासाठी लागणारा वेब क्रिप्टो एपीआय ब्राउझर फक्त सुरक्षित जोडणीवर देतो. अपवाद लोकलहोस्टचा. त्यामुळे 'आतल्याच नेटवर्कवर आहे, सर्टिफिकेट कशाला' हा विचार इथे चालत नाही. पुढे कॅडी हा वेब सर्व्हर ठेवा, तो सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट आपणहून घेतो आणि बदलतोही. सर्व्हर इंटरनेटवर उघडा नसेल तर डीएनएस-०१ पद्धत (डोमेनच्या डीएनएस नोंदीतून मालकी सिद्ध करायची) वापरा, तिला बाहेरून कुणी आत यावं लागत नाही.

यातलीच एक बारीक गोष्ट. प्रत्येक जाहीर सर्टिफिकेटची नोंद सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक लॉगमध्ये होते. 'पासवर्ड' हा शब्द सबडोमेनमध्ये घातलात की काही वेळात बॉट दारात हजर. नाव गुप्त राहावंसं वाटत असेल तर वाइल्डकार्ड (सगळ्या सबडोमेनना एकच) सर्टिफिकेट घ्या.

दुसरं, डॉकर आणि फायरवॉल. यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये पोर्ट बंद केला म्हणून निर्धास्त राहू नका. डॉकर स्वतःचे आयपीटेबल्सचे (लिनक्सच्या नेटवर्क-गाळणीचे) नियम घालतो आणि प्रकाशित केलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला वळसा घालून बाहेरून उघडा राहतो. कंपोज फाइलमध्ये पोर्ट लिहिताना पुढे १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो फक्त त्याच मशीनवरच्या प्रॉक्सीला (म्हणजे कॅडीला) दिसेल. मग बाहेरच्या मशीनवरून पोर्ट स्कॅन करून खात्री करा.

---

आडवाट

@उंबरठा, यूएफडब्ल्यूचं खरंच ठाऊक नव्हतं. आज कामावरचे इतर कंटेनरही तपासतो. व्हीपीएनच्या आतच ठेवलं तर?

---

उंबरठा

उत्तम. वायरगार्ड या व्हीपीएनमागे ठेवा. बिटवॉर्डनची ॲपं तिजोरीची एन्क्रिप्ट केलेली प्रत डिव्हाइसवर ठेवतात, त्यामुळे व्हीपीएन तुटलेलं असतानाही पासवर्ड वाचता येतात, फक्त नवे भरता येत नाहीत. सर्व्हर तासभर बंद पडला म्हणून टीम ठप्प होत नाही ती यामुळेच. पाचवा_गिअर यांची रात्री उठण्याची काळजी यात बरीचशी मिटते.

---

पाचवा_गिअर

थोडीशी मिटली. बॅकअपबद्दल अजून कुणी अवाक्षर काढलेलं नाही, वाट बघतोय.

---

मध्यरात्र

बॅकअपबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझा मुख्य आग्रह तिथेच आहे.

व्हॉल्टवॉर्डनचा सगळा जीव 'डेटा' नावाच्या एका फोल्डरमध्ये असतो. त्यात एसक्यूलाइटचा डेटाबेस, जोडलेल्या फाइलींचा फोल्डर, सेंडचा (मजकूर-फाइली पाठवायच्या सोयीचा) फोल्डर, कॉन्फिग.जेसन ही सेटिंगची फाइल आणि लॉगिनसाठी लागणारी आरएसएची किल्ली. आयकॉनचा फोल्डर सोडला तरी चालतो, तो पुन्हा भरतो. आरएसएची किल्ली गेली तर पासवर्ड जात नाहीत, सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागतं एवढंच. लोक तिच्याबद्दल उगाच घाबरतात.

चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका. तो डब्ल्यूएएल पद्धतीने चालतो, म्हणजे ताजे बदल मुख्य फाइलीशेजारच्या वेगळ्या फाइलीत असू शकतात. ऐन लिहिण्याच्या क्षणी कॉपी झाली तर अर्धवट प्रत हाती येते, आणि ती अर्धवट आहे हे कळतं ते रिस्टोर करताना. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा वापरा, ती सुसंगत प्रत देते. नाहीतर कंटेनर मिनिटभर थांबवा आणि कॉपी करा. मग ती प्रत रेस्टिकसारख्या साधनाने एन्क्रिप्ट करून दुसऱ्या ठिकाणी पाठवा. त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत मी बॅकअपमध्ये धरत नाही.

कंपोजची 'डाउन' (कंटेनर बंद करून काढायची) आज्ञा देताना शेवटी 'व्ही' हा पर्याय लावला की नाव दिलेले व्हॉल्यूमही (डॉकरने सांभाळलेल्या डेटाच्या जागा) पुसले जातात. आमच्या एका सहकाऱ्याने 'स्वच्छ सुरुवात करू' म्हणून तसं केलं होतं. सुदैवाने तो चाचणीचा सर्व्हर होता. म्हणून मी नाव दिलेला व्हॉल्यूम न वापरता होस्टवरचा फोल्डरच माउंट करते. तो डोळ्यांना दिसतो, बॅकअपच्या यादीत घालता येतो, आणि त्या आज्ञेने जात नाही.

आता रिस्टोर. दर तिमाहीला वेगळ्या मशीनवर कोरा कंटेनर उभा करा, बॅकअप त्यात ओता, आणि ज्याने मूळ सेटअप केला नाही अशा माणसाला लॉगिन करायला लावा. त्याला जोडलेली फाइल उघडता आली, संस्थेची कलेक्शन (सामायिक पासवर्डचे गट) दिसली, तर बॅकअप आहे असं म्हणा.

---

पाचवा_गिअर

@मध्यरात्र, 'मूळ सेटअप न केलेला माणूस' हे फार आवडलं. विरोध अर्धा मागे घेतो.

---

झुळूक

बॅकअप घेणारे घरोघरी, रिस्टोर करून बघणारा लाखात एक. मध्यरात्र ताई, आमच्या टीममध्ये जागा आहे! :)

---

शून्यबिंदू

मध्यरात्र यांना पूर्ण अनुमोदन. फक्त रेस्टिकचा पासवर्ड कुठे ठेवता? तो तिजोरीतच ठेवला असेल तर सर्व्हर गेल्यावर तिजोरी उघडायला बॅकअप हवा आणि बॅकअप उघडायला तिजोरी. किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. सर्व्हरचा एसएसएच पासवर्ड, डोमेन रजिस्ट्रारचं खातं, बॅकअपची किल्ली या तीन गोष्टी तिजोरीबाहेर, कागदावर, बंद पाकिटात. दोन पाकिटं, दोन वेगळ्या जागी. पाकिटाच्या चिकटपट्टीवर दोघांच्या सह्या.

अवांतर: एकाच माणसावर भरवसा ठेवायचा नसेल तर शामीरची विभागणी बघा. आदी शामीर यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. आरएसए या एन्क्रिप्शन पद्धतीच्या नावातला 'एस' तो यांचाच. गुपिताचे पाच तुकडे करा, कुठलेही तीन एकत्र आले की गुपित मिळतं, पण दोघांच्या तुकड्यांतून काहीसुद्धा कळत नाही. गणित इतकं सुंदर आहे की बहुपदी शिकवताना शाळेत सांगावं.

---

खटपट्या

शामीर सुंदर आहेच, पण पंधरा जणांच्या टीमला पाकीट पुरे. तीन तुकडेवाले रजेवर गेले की गणित काय करणार?

---

शून्यबिंदू

तीनही एकदम रजेवर जाऊ देऊ नयेत, हे व्यवस्थापनाचं गणित! पण बरोबर आहे, तुमच्यासाठी पाकीटच.

---

पिंपळपान

एक शंका. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे सहा आकडी कोडही याच तिजोरीत ठेवता येतात म्हणे. मग दोन टप्पे राहिले कुठे?

---

रानजाई

@पिंपळपान, रास्त शंका. खुद्द तिजोरीच्या लॉगिनचा कोड तिजोरीत कधीच नको, तो वेगळ्या ॲपमध्ये किंवा हार्डवेअर किल्लीवर. बाकीच्या सामायिक खात्यांसाठी मी ठेवू देते. एका माणसाच्या फोनवर कोड असणं आणि त्याला रोज सगळ्यांनी फोन करणं, यापेक्षा ते बरं. पासवर्ड दुसरीकडून फुटला तरी कोडाचा अडसर उरतोच. पण बँक आणि डोमेन रजिस्ट्रार मात्र वेगळे.

---

शून्यबिंदू

इथे असहमत. एकदा सवय लागली की बँकही त्यातच जाते. नियम करायचा तर सरसकट करावा.

---

उंबरठा

व्हॉल्टवॉर्डन घेणार असाल तर ॲडमिन पानाबद्दल लिहायचं राहिलं. त्याचा टोकन (त्या पानाचा पासवर्ड) साधा मजकूर म्हणून ठेवू नका, आर्गॉन२ हॅश (उलट न फिरवता येणारं रूप) करून ठेवा. त्या हॅशमध्ये डॉलरची चिन्हं असतात आणि कंपोज फाइल डॉलर दिसला की त्याला व्हेरिएबल समजते. म्हणून तिथे प्रत्येक डॉलर दोनदा लिहावा लागतो. 'टोकन बरोबर आहे तरी लॉगिन होत नाही' याचं कारण बहुतेक वेळा हेच. कंटेनरच्या एन्व्हायर्नमेंटमधली मूल्यं 'डॉकर इन्स्पेक्ट' ही आज्ञा चालवणाऱ्या कुणालाही दिसतात, हेही लक्षात असू द्या.

ॲडमिन पानावरून एखादी सेटिंग जतन केली की ती कॉन्फिग.जेसनमध्ये जाते आणि त्यानंतर कंपोज फाइलपेक्षा तिचाच शब्द चालतो. कंपोजमध्ये नवी नोंदणी बंद केली तरी चालूच राहते, ती यामुळे. दोहोंपैकी एकच जागा ठरवा. आम्ही सेटअपनंतर ॲडमिन पान बंदच करतो.

---

कोवळं_ऊन

अपडेटचं काय करता? आमच्याकडे 'लेटेस्ट' (सर्वांत नवी आवृत्ती) टॅग आहे आणि रात्री आपोआप ओढलं जातं.

---

मध्यरात्र

@कोवळं_ऊन, पासवर्डच्या सर्व्हरला ते नको. आवृत्तीचा आकडा ठरवून लिहा, प्रकाशनाची टिपणं वाचा, बॅकअप घ्या, मग चढवा. डेटाबेसची रचना अपडेटमध्ये बदलू शकते, आणि मग जुन्या इमेजवर परत येणं सरळ राहत नाही. पण याचा अर्थ सहा महिने ढकलायचं असाही नाही. ब्राउझरचं एक्स्टेन्शन आणि फोनवरची ॲपं तुम्हाला न विचारता अपडेट होतात, आणि सर्व्हर फार मागे राहिला की एके सकाळी सिंक होत नाही म्हणून ओरड सुरू होते. सुरक्षेची दुरुस्ती आली तर त्याच दिवशी, एरवी महिन्यातून एकदा.

---

गणगोत

माणूस सोडून गेला की खातं बंद केलं, एवढं पुरतं का? वर माझ्या फाइलवर आक्षेप होता म्हणून विचारतो.

---

रानजाई

@गणगोत, तुम्ही बरोबर पकडलंत, नाही पुरत. खातं काढलं की पुढे काही दिसत नाही, पण त्याने पाहिलेलं, उतरवून घेतलेलं, एक्स्पोर्ट केलेलं त्याच्याकडे राहतं. बिटवॉर्डनमध्ये 'पासवर्ड लपवून फक्त वापरू द्या' अशी परवानगी आहे, तिच्यावरही विसंबू नका. फॉर्ममध्ये भरला गेलेला पासवर्ड ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांतून वाचता येतो. त्यामुळे त्याला जी कलेक्शन दिसत होती त्यातले पासवर्ड बदलायचेच. फायदा इतकाच, पण तो मोठा आहे, की नेमके कोणते बदलायचे ते कळतं. स्प्रेडशीटवाल्याला सगळेच बदलावे लागतात, म्हणून तो एकही बदलत नाही.

आणि म्हणूनच कलेक्शन लहान ठेवा. 'सर्वसाधारण' नावाचं कलेक्शन काढलंत की वर्षभरात सगळं त्यात जाऊन पडतं.

---

आडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं ठरलंय ते लिहितो: व्हॉल्टवॉर्डन, पुढे कॅडी, दोन्ही वायरगार्डमागे, सर्टिफिकेट डीएनएस-०१ ने. नोंदणी बंद, फक्त आमंत्रणाने प्रवेश. कामानुसार कलेक्शन. रात्री बॅकअप दुसरीकडे, दोन पाकिटं, आणि तिमाही रिस्टोर आमच्या लेखाविभागातल्या सहकारी करतील, त्या तयार झाल्यात.

आता धास्ती लोकांची आहे. 'माझा ब्राउझर लक्षात ठेवतो की' म्हणणारे दोघं-तिघं आहेत. आणि ती शीट सीएसव्ही करून आत ओतली की झालं ना?

---

झुळूक

त्या दोघा-तिघांना पुढ्यात बसवून एक्स्टेन्शन घाला, भाषण नको. स्वतः टंकावं लागत नाही हे एकदा दिसलं की ती माणसं स्वतःच प्रचार करतात. ब्राउझरची स्वतःची 'जतन करू का?' विचारणारी खिडकी बंद करा, नाहीतर दोन ठिकाणी दोन वेगळे पासवर्ड होतात. आणि हे जरूर सांगा, की एक्स्टेन्शन पत्ता जुळला तरच पासवर्ड सुचवतं. हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर ते गप्प बसलं, तर तो इशारा समजावा. आमच्या टीममध्ये एकजण त्यामुळेच वाचला.

---

मध्यरात्र

@आडवाट, सीएसव्हीने झालं असं होत नाही. ती फाइल म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड उघड्या मजकुरात. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये राहते, कचरापेटीत राहते, लॅपटॉपच्या बॅकअपमध्येही जाते. ज्या मशीनवर संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे तिथेच हे काम करा आणि लगेच पुसा. मूळ शीटचंही तसंच. ओळी खोडल्या तरी ऑनलाइन शीटच्या आवृत्ती-इतिहासात त्या असतात, आणि कुणीकुणी प्रत करून घेतली असेल ते कुणालाच माहीत नाही.

त्यामुळे आत ओतल्यावर त्यातला प्रत्येक पासवर्ड फुटलेला धरून बदलायला घ्या. रोज थोडे. डोमेन रजिस्ट्रार आणि ईमेलचं मुख्य खातं पहिलं, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्यांच्यातून रीसेट होतात. मग बॅकअपची जागा, मग सर्व्हर, पुरवठादारांची पोर्टलं शेवटी. जो बदलून झाला त्याची शीटमधली ओळ काढा. शेवटची ओळ गेली की शीट पुसा, तोवर तिची लिंक फक्त दोघांपुरती करा. हे आजच करा, कंटेनर उद्या.

---

आडवाट

@मध्यरात्र, लिंक आत्ताच दोघांपुरती केली. रजिस्ट्रारचा पासवर्ड बदलतोय.